मुलांशी बोलण्याचे शिक्षण : राजापेठ ते धारणी

लहान मुले सांभाळणाऱ्या बाईला ते काम रीतसर शिकवले पाहिजे, ही कल्पना वऱ्हाडात फार जुनी नाही. आणि त्या शिकवण्यात मुलाशी कसे बोलावे, त्याचे कसे ऐकावे, ते अडून बसले तर काय करावे, यालाही जागा असावी, ही कल्पना तर त्याहून अलीकडची आहे. त्याआधी मूल सांभाळणे हा नात्याचा भाग मानला जाई. आजी, काकू किंवा थोरली बहीण ते काम करी, आणि त्यांना कोणी शिकवायला जात नसे. शेतावर निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेली आई बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या लेकराला त्यात निजवी आणि सात-आठ वर्षांच्या मुलीला झोका द्यायला बसवी. या व्यवस्थेत माया होती. मात्र ज्या मुलीने स्वतः शाळेत असायला हवे होते तिच्या बालपणातून या व्यवस्थेची किंमत वसूल होत असे, ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

ही घरगुती व्यवस्था प्रथम अपुरी पडली ती कापसाच्या कारखानदारीमुळे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला अकस्मात भाव चढला आणि रेल्वे आल्यावर अमरावती, अकोला, खामगाव या गावांभोवती जीन आणि प्रेस उभे राहिले. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला वऱ्हाडात जीन म्हणतात आणि रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याला प्रेस. बडनेऱ्याला तर एकोणिसाव्या शतकातच कापडगिरणीही निघाली. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची राजापेठ ही त्यामुळे बाजाराचे गाव आणि गिरणीचे गाव यांना जोडणाऱ्या वाटेवर आहे. जिनात यंत्रापुढे कापूस टाकण्याचे काम मुख्यतः बायकांकडे असे, हंगाम काही महिन्यांचाच असे, आणि तान्हे मूल घरी ठेवायला कोणी नसेल तर ते आईबरोबर त्याच उडत्या तंतूंत आणि धुळीत पडून राही. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाण्यापूर्वी बाळाला अफूची गोळी चाटवून गुंगीत ठेवण्याची रीत इतकी सर्रास होती की १९२० च्या दशकातील सरकारी पाहण्यांना तिची दखल घ्यावी लागली. अफू देणारी आई निष्ठुर नव्हती, तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आणि तो मार्ग काढण्याच्या प्रयत्नातूनच पाळणाघर, म्हणजे आईच्या कामाच्या वेळेत मुले सांभाळण्याची पगारी व्यवस्था, हा विषय कायद्यात आला.

१९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात कारखान्यांत पाळणाघरे असावीत असे सुचवले, आणि १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा अधिक बायका कामावर असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्यास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातील ४८ वे कलम एक पाऊल पुढे गेले. ही खोली हवेशीर, उजेडाची आणि स्वच्छ असावी, एवढे सांगून ते थांबले नाही. मुलांची आणि अर्भकांची निगा राखण्याचे शिक्षण मिळालेल्या स्त्रियांच्या हाती ती असावी, अशी अटही त्याने घातली. १९७६ च्या दुरुस्तीने बायकांची संख्या पन्नासवरून तीसवर आणली, ही अट मात्र कायम राहिली. मूल सांभाळणारीला प्रशिक्षण हवे हे देशाच्या कायद्याने मान्य केल्याची ही ठळक नोंद आहे, पण तिच्यातील निगा या शब्दाचा अर्थ शुश्रूषेच्या परंपरेतून आलेला होता. दूध उकळलेले असावे, दुपटी धुतलेली असावीत, आजारी मूल वेगळे ठेवावे, एवढ्यात ती निगा संपत होती. जिनातल्या बाळाला मरणापासून वाचवणे हाच तेव्हा पहिला प्रश्न असल्यामुळे या मर्यादेबद्दल कायदा करणाऱ्यांना दोष देता येत नाही. तरीही मूल जगल्यानंतर दिवसाचे आठ तास त्याच्याशी कोण बोलणार, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत आला नाही.

तो प्रश्न ज्या दुसऱ्या परंपरेतून पुढे आला तिचा अमरावतीशी असलेला संबंध अमरावतीतही फारसा आठवला जात नाही. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी वळणाच्या घरात वाढलेल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाई मोडक विवाहानंतर अमरावतीला आल्या, कारण त्यांचे पती तेथे वकिली करीत होते. अमरावतीची ही वर्षे त्यांच्या संसाराची होती. तो संसार टिकला नाही, आणि १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्यांनी वऱ्हाड सोडले. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी काही काळ काम केल्यावर, पगाराची आणि प्रतिष्ठेची ती जागा सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाची प्रमुख स्वतः पुन्हा शिकायला बालमंदिरात जाऊन बसते, ही घटना महाराष्ट्राच्या बालशिक्षणाच्या इतिहासात मोलाची आहे, कारण पुढे ताराबाईंनी जे प्रशिक्षण उभे केले त्याचा पायाच मुलांपुढे आपण शिकणारे आहोत या भूमिकेवर होता.

गिजुभाईंनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरामागे इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचे विचार होते. मुलाला आपोआप शिकण्याची ओढ असते, मोठ्यांनी योग्य साधने आणि शांत वातावरण पुरवून त्याचे निरीक्षण करावे आणि विनाकारण मध्ये पडू नये, असे मॉन्टेसरी सांगत. निरीक्षण म्हणजे नुसते लक्ष ठेवणे नव्हे. मूल कोणत्या वस्तूकडे वळते, किती वेळ रमते, कोठे अडते, हे पाहून ठेवणे आणि त्याप्रमाणे आपले वागणे बदलणे, असा त्याचा अर्थ होता. भावनगरच्या मंडळींनी त्याला गोष्ट, गाणे, नाटुकले आणि अंगणातली माती यांची जोड दिली आणि छडी, धाक व बक्षिसाचे आमिष यांना बालमंदिराबाहेर ठेवले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत आणि पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीतही निघू लागले, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहून त्याला जोडून शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर चालू झाले. येथे शिकणारी बाई सकाळी मुलांमध्ये बसे, उरलेल्या वेळी जे पाहिले त्यावर बोले आणि लिही. मूल ओरडले तर आपण आवाज चढवायचा नाही, त्याच्याशी बोलताना खाली बसायचे, त्याच्या प्रश्नाला प्रश्न म्हणूनच घ्यायचे, दोन मुलांची तुलना त्यांच्यादेखत करायची नाही, अशा गोष्टी आज शिष्टाचाराच्या वाटतात; छडीवाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या समाजात तेव्हा त्या जवळजवळ बंडखोरीच्या होत्या.

शहरी बालमंदिर मात्र महाग होते. मॉन्टेसरीची साधने विकत घ्यावी लागत, आणि अध्यापन मंदिरात येणाऱ्या विद्यार्थिनी बहुतेक मध्यमवर्गातल्या असत. १९४५ मध्ये ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले तेव्हा या दोन्ही अडचणींशी त्यांची गाठ पडली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. बालवयातच वैधव्य आलेल्या आणि पुण्यात शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या अनुताईंची आणि ताराबाईंची भेट कस्तुरबा स्मारक निधीच्या बोरिवली येथील शिबिरात झाली होती. बोर्डीत त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने आणि काटक्या यांतून साधने केली. वस्तीतली गरीब मुले गावातल्या बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हे नाव तेथून रूढ झाले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांजवळ गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी शाळेत यायची असेल तर त्या भावंडाचीही सोय शाळेशेजारीच करावी लागणार होती. वऱ्हाडातल्या बांधावरच्या झोळीशेजारी बसणाऱ्या मुलीचा प्रश्न कोसबाडला असा सुटला, आणि तेथील बालसेविका प्रशिक्षण केंद्रात पाळणाघर व बालवाडी यांचे काम वेगवेगळे न मानता शिकवले जाऊ लागले. त्यात एक गोष्ट नवी होती: मुलांची भाषा शिकण्याची जबाबदारी बाईवर होती. वारली मूल मराठीत बोलत नाही म्हणून ते मुके किंवा मंद ठरत नाही, हे समजणे हाच प्रशिक्षणाचा भाग होता.

बोर्डीचे केंद्र निघाले त्याच सुमारास वऱ्हाडच्या शेजारी सेवाग्रामलाही एक प्रयोग चालला होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेली नई तालीम ही शिक्षणपद्धती सुरुवातीला सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४५ मध्ये तिची व्याप्ती सर्व वयांपर्यंत वाढवल्यावर सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाला पूर्व बुनियादी असे नाव मिळाले आणि शांता नारुळकर यांनी ते सेवाग्रामात चालवले. स्वच्छता, जेवण वाढणे, अंगण झाडणे यांसारख्या रोजच्या कामांतूनच मुलाशी बोलण्याच्या संधी निघतात, हा त्या प्रयोगाचा विशेष होता. तो पुढे फार पसरला नाही.

सरकारी पातळीवर प्रशिक्षणाचा आरंभ पाहायचा तर तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीला, १९६१-६२ मध्ये, भारतीय बालकल्याण परिषदेमार्फत निघालेल्या बालसेविका अभ्यासक्रमाकडे जावे लागते. तो जवळपास वर्षभराचा, निवासी आणि प्रत्यक्ष बालवाडीतल्या कामासह होता. त्याकाळी बालवाड्या थोड्या होत्या, त्यामुळे एकेका बाईवर एवढा वेळ खर्च करणे शक्य होते. १९७२ मध्ये मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने शाळापूर्व मुलांविषयी अहवाल दिला, १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या पहिल्या प्रकल्पांत मुंबईची धारावी होती आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी होती. ज्या शहरातून ताराबाई चोपन्न वर्षांपूर्वी निघून गेल्या होत्या त्याच शहराच्या जिल्ह्यात, मेळघाटच्या डोंगरात, त्यांनी रुजवलेले अंगणवाडी हे नाव सरकारी फलकावर लागले. ते पाहायला त्या नव्हत्या, १९७३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

नाव आले, पण त्यामागची पद्धत पूर्णपणे आली नाही. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलांना व मातांना पुढच्या उपचारासाठी पाठवणे म्हणजे संदर्भसेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. या सगळ्यांचा भार एका सेविकेवर आणि एका मदतनिसेवर होता. आरंभीच्या काळात सेविकेचे प्रशिक्षण सुमारे चार महिन्यांचे होते. ते पुढे तीन महिन्यांवर आले आणि योजना देशभर पसरत गेल्यावर सव्वीस कामकाजाच्या दिवसांवर येऊन ठेपले. कपात करताना कोणता भाग गळाला हे पाहणे उद्बोधक आहे. वजनकाटा वाचणे, वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडणे, शिध्याचा हिशेब ठेवणे आणि नोंदवह्या भरणे ही कामे एका दुपारच्या व्याख्यानात सांगता येतात आणि तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकेला ती कागदावर दिसतात. रडणाऱ्या मुलापाशी कसे बसावे, हे मुलांमध्ये बसूनच शिकता येते आणि ते कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. त्यामुळे दिवस कमी झाले तेव्हा प्रत्यक्ष मुलांसोबतचा सराव आधी आटला. योजनेच्या आखणीत वाईट हेतू होता असे नाही. मोजता येते तेच टिकते, ही सरकारी कारभाराची जुनी खोड येथेही चालली.

मेळघाटात या कपातीचा परिणाम अधिक तीव्र होता. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील बहुसंख्य मुले कोरकू आहेत, आणि कोरकू ही मराठीच्या कुळातील भाषा नाही. मुंडा गटातील असल्यामुळे तिचे नाते झारखंडातील संथाळी व मुंडारीशी आहे. तीन वर्षांच्या कोरकू मुलाला अंगणवाडीत मराठी गाण्यांचा मारा सहन करावा लागला तर ते गप्प होते, आणि त्याच्या गप्प बसण्याला समंजसपणा किंवा मठ्ठपणा यांपैकी एक नाव मिळते. कोसबाडच्या धड्याची खरी गरज येथे होती. गावातलीच सेविका नेमण्याच्या धोरणामुळे अनेक ठिकाणी भाषेचा अडसर आपोआप दूर झाला हे मान्य केले पाहिजे; मात्र प्रशिक्षण आणि पुस्तिका मराठीतच असल्यामुळे, आपली भाषा हे कामाचे साधन आहे हे तिला कोणी शिकवले असेल असे नाही. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंकडे देशाचे लक्ष गेले, आणि त्यानंतर अंगणवाडीकडे पाहण्याची दृष्टी आणखीच वजनकाट्याकडे झुकली. मुले मरत असताना गाण्यागोष्टींचा विचार कोणी करावा, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तो पूर्ण खरा नाही. कुपोषित मुलाच्या तोंडात घास जाणे हेही त्याला भरवणाऱ्याच्या धीरावर, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबण्यावर आणि पुन्हा प्रयत्न करण्यावर अवलंबून असते, हे आज बालरोगतज्ज्ञही सांगतात.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या संगोपनाच्या आराखड्यात आरोग्य, पोषण आणि सुरक्षितता यांच्या जोडीला प्रतिसादी संगोपनाला स्थान मिळाले. मूल नजर वळवते, हुंकार देते, बोट दाखवते. मोठ्या माणसाने ते टिपून त्याला शब्दाने किंवा कृतीने उत्तर द्यावे, मग मुलाच्या पुढच्या खुणेची वाट पाहावी, या देवघेवीला प्रतिसादी संगोपन म्हणतात. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने चाललेल्या आरंभ या उपक्रमात हा विषय अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात आला, आणि त्याचे सुरुवातीचे काम ज्या जिल्ह्यांत झाले त्यांत वऱ्हाडातील यवतमाळ होता. सेविकांनी पालक मेळावे भरवावेत आणि घरच्या भांड्याकुंड्यांनी मुलाशी कसे खेळता येते हे आई-बापांना करून दाखवावे, ही त्यातली पद्धत भावनगर-बोर्डीच्या मंडळींना ओळखीची वाटली असती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि इतरांसाठी वर्षाची पदविका सुचवली, २०२३ मध्ये पोषण भी पढाई भी हा कार्यक्रम निघाला, आणि २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी नवचेतना व तीन ते सहा वर्षांसाठी आधारशिला असे दोन आराखडे आले. ताराबाई आणि अनुताईंनी प्रत्यक्ष केलेले बरेच काही या कागदांत परत आले आहे. परंतु धोरणाने सुचवलेले अभ्यासक्रम मुख्यतः दूरस्थ आणि मोबाइलवरचे आहेत, आणि याच मोबाइलविषयी महाराष्ट्राच्या सेविकांचा अनुभव असा आहे की २०२१ मध्ये त्यांनी नादुरुस्त संच सरकारला परत नेऊन दिले होते. पडद्यावर पाहून मुलापाशी बसायला शिकता येते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

राजापेठेसारख्या शहरी वस्तीचा प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या बाहेर राहिला. गेल्या काही दशकांत नोकरदार आईबापांची संख्या वाढली, एकत्र कुटुंबे विरळ झाली आणि महाराष्ट्रातील शहरांत घरातल्या एक-दोन खोल्यांत चालणारी पाळणाघरे गल्लोगल्ली निघाली. चालवणारी बाई बहुधा शेजारचीच, विश्वासाची आणि कष्टाळू असते. हाताखालच्या मावशी धुणीभांडी करता करता मुलेही पाहतात. त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, तरी पंधरा मुलांच्या गलक्यात एकीला चावणाऱ्या दुसऱ्या मुलाचे काय करावे, हे मायेने उमगत नाही. २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण झाल्याचे चित्रण बाहेर आले आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतरची चर्चा मात्र कॅमेरे, नोंदणी आणि पोलीस पडताळणी यांभोवतीच मुख्यतः फिरली. कॅमेरा मारणारा हात दाखवू शकतो. दिवसभर कोणीही मुलाशी एक पूर्ण वाक्य बोलले नाही, हे कॅमेऱ्याने पकडले तरी तक्रार कोणाकडे करावी, हे कोणालाच माहीत नसते.

२०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. हा कायदा आणि १९४८ चा कारखाना कायदा, दोन्ही मालकाशी बोलणारे होते. बडनेरा रस्त्यालगतच्या घरात दहा मुले सांभाळणाऱ्या बाईपर्यंत ते पोचले नाहीत. अंगणवाडी सेविकेला निदान सव्वीस दिवस मिळाले. या बाईला एकही मिळत नाही. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायाम शिक्षक घडवण्याची परंपरा चालवली आहे आणि विद्यापीठात गृहविज्ञानाचा विभाग आहे, म्हणजे शिकवणारे आणि जागा यांची वानवा नाही. महापालिकेने आणि या संस्थांनी मिळून पाळणाघर चालवणाऱ्या बायकांसाठी, मुलांमध्ये बसून शिकण्याचा निदान तीन महिन्यांचा वर्ग सुरू करावा आणि तो पूर्ण केलेल्यांची यादी पालकांसाठी खुली ठेवावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.